केमेल उघडत नाही? अकोनाडीचा डेटाबेस पुसण्याआधी हे वाचा

लिनक्सवर केमेल किंवा कॉन्टॅक्ट वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी एक खिडकी दिसते: ‘अकोनाडी ही वैयक्तिक माहितीची सेवा चालू नाही.’ किंवा फोल्डरवर क्लिक केलं की ‘फोल्डरमधला मजकूर आणत आहे, कृपया थांबा’ असं येतं आणि आपण थांबतच राहतो. अशा वेळी इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी सल्ला मिळतो तो ‘अकोनाडीचं फोल्डर पुसून टाका, सगळं नीट होईल’ असा. काही वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. केमेल सुरू झालं खरं, पण काही पत्रं कायमची गेली. ती का गेली हे कळायला मला पुढे बराच वेळ लागला.

गेल्या द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या मेहुण्याच्या पॅकहाउसवर हाच प्रसंग आला. त्या दिवशी आम्ही काय केलं आणि कोणत्या क्रमाने केलं, ते इथे सांगतो. त्यातूनच अकोनाडीचा डेटाबेस कसा चालतो, कुठे अडतो आणि कसा वाचवायचा हे कळेल.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि फोल्डरची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहायची. आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत असतात.

सकाळचा फोन

‘दाजी, मेल उघडतच नाही. कंटेनर भरून झालाय, गाडी उभी आहे. काल रात्री गिऱ्हाइकाने मालाच्या कागदांवरचा पत्ता बदलून पाठवलाय आणि तो त्या मेलमध्येच आहे.’

निर्यातीच्या कामात हे किरकोळ नसतं. माल घेणाऱ्याचं नाव-पत्ता बिल ऑफ लेडिंगवर एक आणि फायटो प्रमाणपत्रावर दुसरा असला, की माल पोचल्यावर तिकडच्या बंदरात कागद अडतात. आणि द्राक्ष काही कांद्यासारखं वाट बघत बसत नाही.

मी विचारलं, ‘वेबवर लॉगिन करून बघितलंस का?’

‘बघितलं. तिथे काहीच नाही.’

तिथे काही नसणारच होतं, कारण ते खातं पॉप पद्धतीचं होतं आणि ‘उतरवल्यावर सर्व्हरवरून काढून टाका’ हा पर्याय चालू होता. म्हणजे पत्र एकदा संगणकावर उतरलं की त्याची एकमेव प्रत त्या संगणकावरच राहते. हे ऐकल्यावर मी एकच सांगितलं, ‘मी येईपर्यंत काही पुसू नकोस. आणि ते पुन्हा पुन्हा उघडायचंही थांबव.’

आधी समजून घ्या: पत्र नेमकं असतं कुठे?

केमेल म्हणजे फक्त दिसणारी खिडकी. मागे काम करते ती अकोनाडी. (हे नाव घानामधल्या न्यायदेवतेवरून घेतलेलं आहे.) पत्रं, संपर्क आणि कॅलेंडर हे सगळं अकोनाडीमार्फत येतं-जातं. तिला नोंदी ठेवायला एक डेटाबेस लागतो. बऱ्याच संगणकांवर तो मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल असतो, काहींवर एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेएसक्यूएल. हा डेटाबेस तुमच्याच लॉगिनखाली चालतो. वेबसाइटसाठी कोणी संगणकावर वेगळा मायएसक्यूएल चालवत असेल, तर त्याचा याच्याशी संबंध नाही.

तुमच्या होममध्ये महत्त्वाच्या जागा चार आहेत.

१. डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात अकोनाडी, त्यात डीबी-डेटा. इथे मारियाडीबीच्या फाइली असतात. कोणतं पत्र कोणत्या फोल्डरमध्ये आहे, वाचलेलं की न वाचलेलं, त्याला कोणती खूण आहे, या सगळ्या नोंदी इथे.

२. त्याच अकोनाडी फोल्डरमधलं फाइल-डीबी-डेटा. पत्राचा भाग ४०९६ बाइटपेक्षा मोठा असला, तर तो डेटाबेसमध्ये न ठेवता इथे वेगळी फाइल म्हणून ठेवला जातो. जोडपत्र असलेलं बहुतेक प्रत्येक पत्र इथे येतं.

३. डॉट-लोकल, शेअर, लोकल-मेल. तुमची ‘स्थानिक फोल्डरं’ ती हीच. पद्धत मेलडिरची, म्हणजे एका पत्राची एक फाइल. पॉपची पत्रं शेवटी इथे येऊन पडतात.

४. डॉट-कॉन्फिग, त्यात अकोनाडी. इथे जोडण्या असतात. कोणता डेटाबेस वापरायचा हे ‘अकोनाडी-सर्व्हर-आरसी’ या फाइलमध्ये ‘ड्रायव्हर’ या ओळीवर लिहिलेलं असतं.

आता कळीचा मुद्दा. आयमॅप खातं असेल तर पत्रं सर्व्हरवर असतात आणि अकोनाडीतली प्रत ही फक्त उतारा असते. पॉप खात्यात तसं नाही. पत्र आधी अकोनाडीत उतरतं आणि मग लोकल-मेलमध्ये फाइल म्हणून लिहिलं जातं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये काही अडलं, तर पत्र सर्व्हरवरून गेलेलं असतं, लोकल-मेलमध्ये आलेलं नसतं आणि फक्त अकोनाडीच्या पोटात असतं. अशा वेळी ‘अकोनाडीचं फोल्डर पुसा’ हा सल्ला पाळला की ते पत्र संपलं. माझी पत्रं अशीच गेली होती.

पायरी १: डिस्क भरली आहे का?

पॅकहाउसवर पोचल्यावर मी केमेलकडे बघितलंसुद्धा नाही. टर्मिनल उघडून ‘डीएफ’ आणि पुढे उणे-एच एवढंच लिहिलं. होमच्या ओळीसमोर १०० टक्के! शीतगृहाच्या कॅमेऱ्याचं चित्रण कुणीतरी रोज याच संगणकावर उतरवून ठेवत होतं.

म्हणजे आदल्या रात्री काय झालं असेल याचा अंदाज आला. पत्र जोडपत्रासह उतरलं, अकोनाडीत मावलं, पण लोकल-मेलमध्ये दुसरी प्रत लिहायला जागा उरली नाही. त्यानंतर पहाटे वीज गेली आणि डेटाबेस नीट बंद न होता संगणक बंद पडला.

जागा शिल्लक दिसत असूनही फाइल लिहिता येत नसेल, तर ‘डीएफ उणे-आय’ बघा. मेलडिरमध्ये प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते. त्यामुळे लाखो छोट्या फाइली झाल्या की आयनोड संपतात, जागा असली तरी.

फाइली कचरापेटीत टाकल्या म्हणजे जागा झाली असं समजू नका. कचरापेटीही त्याच डिस्कवर असते. ती रिकामी करावी लागते.

पायरी २: सगळं थांबवा आणि प्रत काढा

दुरुस्तीआधी प्रत. हा नियम मोडू नका.

आधी ‘अकोनाडीसीटीएल स्टॉप’ ही आज्ञा द्या. मग प्रक्रियांच्या यादीत मायएसक्यूएलडी किंवा मारियाडीबीडी अजून चालू आहे का ते पाहा. मेहुण्याने सकाळपासून केमेल दहा वेळा उघडलं होतं, त्यामुळे एक डेटाबेस मागे तसाच काम करत राहिला होता. तो दिसला तर साध्या ‘किल’ आज्ञेने बंद व्हायला सांगा आणि थोडं थांबा. उणे-नऊ लावून मारू नका. तसं केलं तर तो पुन्हा वीज गेल्यासारखाच अर्धवट बंद होतो.

आता बाहेरच्या डिस्कवर अकोनाडी, लोकल-मेल आणि डॉट-कॉन्फिग या तिन्हींची प्रत घ्या. इथे एक फसवणूक आहे. मेलडिरच्या फाइलींच्या नावात विसर्गचिन्हासारखं कोलन असतं आणि विंडोजसाठी तयार केलेल्या पेनड्राइव्हवर असं नाव चालत नाही. ओढून टाकलं तर निम्म्या फाइली जातात आणि निम्म्या राहतात. म्हणून आधी ‘टार’ने एकच गठ्ठा बांधा आणि तो गठ्ठा बाहेरच्या डिस्कवर लिहा. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, हेही लक्षात ठेवा.

पायरी ३: तातडीचं पत्र आधी बाहेर काढा

गाडी उभी होती. डेटाबेस दुरुस्त होईपर्यंत थांबायची गरज नव्हती, कारण पत्र ही शेवटी एक साधी मजकूर-फाइल असते.

द्राक्षाच्या गावात ‘ग्रेप’ ही आज्ञा वापरायची म्हणजे गंमतच, पण कामाला आली तीच. ‘ग्रेप’पुढे उणे-आरएल लावून कंटेनरचा नंबर आणि फोल्डर दिलं, की तो नंबर ज्या फाइलींमध्ये आहे त्यांची यादी मिळते. कंटेनरचा नंबर म्हणजे चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. शोधायला अगदी सोयीचा.

इथे मराठी शब्द शोधू नका. मराठी विषय पत्रात जसाच्या तसा लिहिलेला नसतो, तो सांकेतिक रूपात असतो. त्यामुळे ‘द्राक्ष’ शोधलं तर शेकडो पत्रं असूनही काही सापडणार नाही. नंबर, ईमेल पत्ता किंवा इंग्रजी विषयातला शब्द शोधा.

लोकल-मेलमध्ये शोधलं. जुनी पत्रं मिळाली, काल रात्रीचं नाही. मेहुण्याचा चेहरा उतरला. मग तीच आज्ञा फाइल-डीबी-डेटावर चालवली आणि एक फाइल आली. नाव म्हणजे नुसता आकडा आणि त्यापुढे ‘आर-शून्य’. उघडून पाहिली तर वर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, विषय, सगळं पूर्ण पत्र!

ती फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, नावाच्या शेवटी ‘डॉट ईएमएल’ लावलं आणि माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये उघडली. जोडपत्रातली पीडीएफ निघाली, पत्ता मिळाला, एजंटकडे कागद गेले. सकाळी कोणी ते फोल्डर पुसलं असतं, तर हे पत्र कुठेच मिळालं नसतं. परदेशातल्या माणसाला ‘पुन्हा पाठवा’ म्हणायचं, तर तिकडे तेव्हा पहाट होती.

एक मर्यादा सांगतो. पत्र लहान असेल, ४०९६ बाइटच्या आत, तर ते फाइल म्हणून मिळणार नाही, डेटाबेसमध्येच असेल. मग डेटाबेस जिवंत करणं हाच मार्ग.

पायरी ४: डेटाबेस काय म्हणतो ते वाचा

गाडी गेली. मग चहा घेऊन निवांत बसलो. कॅमेऱ्याचं चित्रण दुसरीकडे हलवून जागा केली आणि ‘अकोनाडीसीटीएल स्टार्ट’ दिलं.

ते चालू झालं नाही तर अंदाज करू नका, नोंद वाचा. डीबी-डेटामध्ये ‘मायएसक्यूएल डॉट ईआरआर’ नावाची फाइल असते. तिच्या शेवटच्या ओळींत खरं कारण असतं. नेहमी दिसणारी कारणं अशी:

‘आयबीडेटा-१ ला कुलूप लावता येत नाही, त्रुटी ११.’ याचा अर्थ दुसरा डेटाबेस तेच फोल्डर धरून बसला आहे. पायरी २ पुन्हा करा. सकाळी केमेल उघडलं की दर वेळी आमच्याकडे हेच होत होतं.

‘डिस्कवर जागा नाही.’ पायरी १.

‘क्रॅश रिकव्हरी सुरू.’ ही त्रुटी नाही, चांगली बातमी आहे. इनोडीबी प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितं. वीज गेली तर पुढच्या वेळी ती वही वाचून अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करतं किंवा मागे घेतं. जुन्या फिरत्या डिस्कवर याला वेळ लागतो. त्या वेळात माणूस वैतागून पुन्हा पुन्हा क्लिक करतो आणि मग कुलपाची त्रुटी सुरू होते. थांबा.

‘क्रॅशनंतर अपग्रेड चालत नाही.’ डेटाबेस नीट बंद झाला नव्हता आणि मधल्या काळात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. नव्या आवृत्तीला जुनी नोंदवही वाचता येत नाही. उपाय एकच: जुनी आवृत्ती परत बसवा, एकदा चालू करून नीट बंद करा आणि मगच नवी लावा. नोंदवहीच्या फाइली पुसू नका. त्याचप्रमाणे मायएसक्यूएल ८ ने बनवलेलं फोल्डर मारियाडीबीला थेट उघडता येत नाही. डिस्ट्रो बदलताना हे लक्षात घ्या.

‘परवानगी नाही.’ जागा कमी पडते म्हणून अकोनाडीचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेऊन इथे नुसता दुवा ठेवला असेल, तर उबुंटूच्या घराण्यात ॲपआर्मर आडवं येतं. परवानग्या बरोबर दिसतात तरी डेटाबेसला तिथे जाता येत नाही. ॲपआर्मरच्या नियमात नवी जागा जोडावी लागते.

पानं खराब झाल्याची तक्रार असेल तर शेवटचा उपाय आहे ‘इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी’. डॉट-कॉन्फिगमधल्या अकोनाडी फोल्डरात ‘मायएसक्यूएल-लोकल डॉट कॉन्फ’ या फाइलीत ‘मायएसक्यूएलडी’ विभागाखाली ती ओळ लिहून किंमत १ द्या. नाही चाललं तर २, मग ३. चार आणि त्यापुढच्या किमती डेटा कायमचा खराब करू शकतात, तिथे जाऊ नका. या अवस्थेत डेटाबेस उघडला तर माहिती बाहेर काढून घ्यायची, रोजचं काम सुरू करायचं नाही. काम झालं की ती ओळ काढा.

आमच्याकडे इतकं करावं लागलं नाही. जागा झाली, अडकलेली प्रक्रिया गेली आणि डेटाबेसने आपली वही वाचून स्वतःला सावरलं.

पायरी ५: चालू झाल्यावर तपासणी

‘अकोनाडीसीटीएल स्टेटस’ दिल्यावर सगळं चालू दिसलं की ‘अकोनाडीसीटीएल एफएससीके’ चालवा. ही आज्ञा नोंदींचा मेळ घालते. ज्यांचं फोल्डरच हरवलं अशी पत्रं ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये ठेवते आणि अजून बाहेर लिहिली न गेलेली पत्रं ‘डर्टी’ म्हणून दाखवते. हा शब्द दिसला की सावध व्हा. ती पत्रं अजून फक्त अकोनाडीतच आहेत. आमचं रात्रीचं पत्र त्यातच होतं. जागा मिळाल्यावर काही वेळाने ते लोकल-मेलमध्ये लिहिलं गेलं.

सगळं शांत झाल्यावर ‘अकोनाडीसीटीएल व्हॅक्यूम’ चालवा. डेटाबेसच्या तक्त्यांमधली मोकळी जागा आवरली जाते. त्यालाही जागा आणि वेळ लागतो, म्हणून भरलेल्या डिस्कवर नको.

अगदीच जमलं नाही तर

डेटाबेस कशानेच उघडला नाही तर नव्याने बांधता येतो. पण पुसू नका, नाव बदला. अकोनाडी थांबवा, डॉट-लोकल, शेअरमधल्या अकोनाडी फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा चालू करा. आयमॅपची पत्रं सर्व्हरवरून आणि स्थानिक पत्रं लोकल-मेलमधून परत दिसू लागतात. लोकल-मेलमध्ये न पोचलेली पत्रं जुन्या फाइल-डीबी-डेटामधून ‘ईएमएल’ करून आत घ्या.

यात एक गोष्ट बिघडते, तीही गुपचूप. केमेलचे फिल्टर फोल्डरच्या नावावर चालत नाहीत, डेटाबेसमधल्या क्रमांकावर चालतात. नव्या डेटाबेसमध्ये क्रमांक बदलतात. मग ‘गिऱ्हाइकांची पत्रं या फोल्डरात’ असा नियम भलत्याच फोल्डरकडे बोट दाखवतो. पाठवलेली पत्रं कुठे ठेवायची हेही तसंच. म्हणून नव्याने बांधल्यावर मेल उतरवण्याआधी प्रत्येक फिल्टर आणि प्रत्येक ओळखीची सेटिंग उघडून फोल्डर पुन्हा निवडा.

मारियाडीबी, एसक्यूलाइट की पोस्टग्रे?

एका माणसाच्या एका संगणकावर मला आता एसक्यूलाइट बरं वाटतं. वेगळी सर्व्हर प्रक्रिया नाही, डेटाबेस म्हणजे ‘अकोनाडी डॉट डीबी’ ही एकच मुख्य फाइल. कुलूप, आवृत्ती, ॲपआर्मर यांची बरीच कटकट कमी होते. पूर्वी अकोनाडीत एसक्यूलाइट अडखळायचं, पण केडीई गिअर २४.०२ मध्ये ते सुधारलं आणि डेटाबेस बदलण्यासाठी ‘अकोनाडी-डीबी-मायग्रेटर’ हे साधनही आलं. त्याला ‘न्यूइंजिन’ हा पर्याय देऊन एसक्यूलाइट सांगितलं की ते फोल्डरचे क्रमांक सांभाळून माहिती हलवतं. आधी प्रत घ्यायची, हे सांगायला नकोच.

लाखो पत्रं असतील आणि मारियाडीबी नीट चालत असेल, तर बदलायचं कारण नाही. पोस्टग्रे दणकट आहे, पण त्याची मोठी आवृत्ती बदलली की जुना डेटा आपोआप उघडत नाही, वेगळी खटपट करावी लागते. होम फोल्डर नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल तर कुठलाच पर्याय सुखाचा नाही. अकोनाडीचा डेटाबेस स्थानिक डिस्कवरच ठेवा.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर

थंडरबर्डमध्ये पत्रं वेगळ्या फाइलींत असतात आणि ‘एमएसएफ’ फाइली ही फक्त अनुक्रमणिका असते. फोल्डर रिकामं किंवा उलटसुलट दिसलं तर फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन ‘फोल्डर दुरुस्त करा’ दाबा. शोध चालत नसेल तर थंडरबर्ड बंद करून ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ या एसक्यूलाइट फाइलचं नाव बदला, ती नव्याने बनते. इव्होल्यूशनमध्ये ‘फोल्डर्स डॉट डीबी’ ही अशीच नोंदींची फाइल आहे. सगळीकडे प्रश्न एकच विचारायचा: ही फाइल अनुक्रमणिका आहे की पत्र?

पुढे असं होऊ नये म्हणून

मेहुण्याकडे आम्ही चार गोष्टी केल्या. पॉपच्या सेटिंगमध्ये पत्रं काही दिवस सर्व्हरवर राहू द्यायचा पर्याय लावला. कॅमेऱ्याचं चित्रण वेगळ्या डिस्कवर नेलं. संगणकाला छोटा यूपीएस लावला, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षणही डेटाबेसला पुरतो. आणि दर शनिवारी अकोनाडी थांबवून टारचा गठ्ठा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं ठरवलं. केडीईचं ‘पिम डेटा एक्स्पोर्टर’ही आहे, ते पत्रांसोबत फिल्टर आणि ओळखीही बांधून देतं.

‘दाजी, एवढं सगळं कशाला? बिघडलं की तुम्हाला फोन करीन ना,’ असं तो हसत म्हणाला. मी म्हटलं, ‘कर. पण पुसायच्या आधी कर.’